ऑनलाइन पोकर फेअर आहे का हे तपासायचं कसं, आणि कुठल्या क्रमाने

"साइटमध्ये सेटिंग आहे" हे वाक्य कधी निघतं ते बघा. एक्क्यांची जोडी तिसऱ्यांदा फुटली की निघतं. मग तोच माणूस तावातावाने मागचे दोन-तीनशे हात (म्हणजे डाव) उघडून मोजायला बसतो, की बघा मला जोडीच येत नाही, समोरच्याला मात्र दर वेळी रिव्हरला लागतं. दोन-तीनशे हातांवरून काहीच सिद्ध होत नाही, सेटिंग आहे हेही नाही आणि सेटिंग नाही हेही नाही. वेळ जातो, डोकं जातं, आणि जिथे खरोखर पैसे जातात तिकडे कोणी बघत नाही.

ऑनलाइन पोकरमधले आजवर उघडकीला आलेले मोठे घोटाळे काढून बघा. पत्ते पिसण्यातच लोच्या होता असे फार थोडे. बाकीच्यात एक तर रूम (म्हणजे पोकरची साइट) लोकांचे पैसे घेऊन बसली, नाहीतर आतल्याच कोणाला सगळ्यांची पानं दिसत होती, नाहीतर टेबलावरचे दोघं-तिघं आतून मिळालेले होते किंवा माणूस म्हणून बॉट, म्हणजे खेळणारा प्रोग्राम, बसला होता. म्हणून तपासायचा क्रम असा: आधी कायदा आणि लायसन्स, मग पैसे, मग समोरची माणसं, आणि पत्ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोब्बर उलटं करतात. शब्द एवढेच लागतील: फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं, टर्न चौथं, रिव्हर पाचवं; पॉट म्हणजे मधे जमलेले पैसे, आणि रेक म्हणजे त्यातून रूम कापून घेते तो वाटा; रेझ म्हणजे रक्कम वाढवणं, कॉल म्हणजे तेवढेच लावणं, चेक म्हणजे काही न लावता पुढे जाणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं, ऑल-इन म्हणजे होतं तेवढं सगळं लावणं, शोडाउन म्हणजे शेवटी पानं दाखवणं.

१. आधी बघा, तुम्ही बसलाय कुठे

भारतात बसून पैसे लावून खेळायचा विचार असेल तर बरंचसं तपासणं इथेच संपतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्यात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. म्हणजे "पोकर स्किल गेम आहे हो" हा जो मुद्दा वर्षानुवर्षं कोर्टात चालायचा तो या कायद्यापुढे कामाचा नाही. शिक्षा आहे ती गेम चालवणाऱ्याला (तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड) आणि जाहिरात करणाऱ्याला (दोन वर्षांपर्यंत, ५० लाखांपर्यंत), खेळणाऱ्याला नाही. बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही हे व्यवहार करायला मनाई. देशी अ‍ॅप्सनी पैशांची टेबलं लगोलग बंद केली ती यामुळे.

आता "खेळणाऱ्याला शिक्षा नाही ना, मग झालं तर" असं म्हणून लोक बाहेरच्या देशातल्या साइटवर जातात, नाहीतर टेलिग्रामवरच्या एजंटकडून क्लब अ‍ॅपमध्ये चिप्स घेतात. या दुसऱ्या प्रकारात अ‍ॅप म्हणतं आमच्या चिप्स नुसत्या खेळण्यातल्या आहेत, एजंट म्हणतो हिशोब माझ्याकडे, आणि पैसे जातात कुणाच्या तरी पर्सनल यूपीआयवर. इथे आरएनजी, म्हणजे पत्ते पिसणारा प्रोग्राम, फेअर आहे की नाही याची चर्चा करण्यात अर्थच नाही, कारण पत्ते अगदी स्वच्छ असले तरी जिंकलेले पैसे द्यायला कोणी बांधील नाही. वर एजंटने तुम्हाला पाठवलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतून आलेले निघाले तर खातं तुमचं गोठतं, त्याचं नाही.

सावध: एजंटने पैसे बुडवले तर भारतात हाक मारायची जागा एकच, सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन आणि पोलीस. गेमिंगचा कुठलाही रेग्युलेटर तुमच्यासाठी उभा राहणार नाही.

मग पुढचं कोणासाठी? एक तर न्यू जर्सी, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, यूके अशा ठिकाणी राहणारे, जिथे लायसन्स घेऊन रूम चालतात. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि जर्सी सिटीत आपली माणसं कमी नाहीत. दुसरे म्हणजे इथे फुकट चिप्सवर खेळणारे, ज्यांना पाचवी आणि सातवी पायरी तशीच्या तशी वापरता येईल. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवरचं टेबल हा वेगळा विषय, तिथे गोव्याचा स्वतःचा कायदा आहे आणि पत्ते समोर डीलर वाटतो, त्यामुळे तो इथे घेत नाही.

२. तयारी, आणि ही पहिल्या हाताच्या आधी

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक शंका आल्यावर पुरावा शोधायला लागतात आणि तेव्हा कळतं की हँड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या हातांची नोंद, सेव्हच होत नव्हती. म्हणून सॉफ्टवेअर टाकल्या टाकल्या सेटिंगमध्ये जाऊन हँड हिस्टरी आपल्या कॉम्प्युटरवर साठवायचा पर्याय चालू करा, फोल्डर स्वतः निवडा, आणि दहा-वीस हात खेळून त्या फोल्डरमध्ये फाइल आली का ते उघडून बघा. फाइल साध्या मजकुराची असते, त्यात हाताचा नंबर, वेळ, टेबलाचं नाव, कोण कुठे बसलंय, कोणी किती लावले आणि शोडाउनला कोणी काय दाखवलं हे सगळं ओळीने येतं. हाताचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा. तक्रार करताना तोच लागतो, स्क्रीनशॉट नाही.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी आधीच बघून घ्या, बऱ्याच अ‍ॅपमध्ये जुने हात काही दिवसच दिसतात आणि मग गायब. एखादी रूम हँड हिस्टरी कुठल्याच स्वरूपात देत नसेल, ना फाइल ना डाउनलोड, तर माझ्या मते तिथे पैसे लावू नयेत, बाकी काही चांगलं असलं तरी.

हात मोजायला ट्रॅकर, म्हणजे या फाइली वाचून आकडे काढणारं सॉफ्टवेअर, लागतं; पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर यातलं एक पुरे. काही रूममध्ये खेळता खेळता हे चालवायला बंदी असते आणि खातं बंद होऊ शकतं, तेव्हा नियम वाचा. खेळ झाल्यावर फाइली टाकून बघायला सहसा अडचण नसते.

आणि एक साधी वही. त्यात तीन गोष्टी: किती टाकले, किती काढले, कधी बसलो कधी उठलो. त्याच वहीच्या पहिल्या पानावर, काहीही वाईट घडायच्या आधी, लिहून ठेवा की मी काय मोजणार आणि किती हातांनंतर मोजणार. हे आधी का लिहायचं ते सातव्या पायरीत येईल.

इथे थांबून बघा: हिस्टरीतली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे? सर्व्हर यूटीसी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ लावतो आणि तुमच्या वहीत तुमची वेळ असते, तक्रारीत ही गल्लत झाली की सपोर्टवाले "असा हात सापडला नाही" म्हणून मोकळे.

३. लायसन्स: लोगो बघू नका, रजिस्टर बघा

साइटच्या तळाशी लायसन्सचे गोल गोल शिक्के असतात. ते चित्र आहे. कोणीही कॉपी करून चिकटवू शकतो. तपासायचं उलट बाजूने: रूमच्या साइटवरून रेग्युलेटरकडे जायचं नाही, रेग्युलेटरची साइट स्वतः शोधून उघडायची आणि तिथून रूम शोधायची.

यूकेच्या गॅम्बलिंग कमिशनच्या आणि माल्टा गेमिंग अथॉरिटीच्या रजिस्टरमध्ये कंपनीचं नाव आणि लायसन्सची स्थिती तर दिसतेच, शिवाय ती कंपनी कुठल्या वेब पत्त्यावरून चालते तेही असतं. तो पत्ता तुमच्या ब्राउझरमधल्या पत्त्याशी एकेक अक्षर लावून बघा. मधे एखादं जास्तीचं अक्षर किंवा शेवटी वेगळं काहीतरी, आणि बाकी पान हुबेहूब, हा नेहमीचा प्रकार. अमेरिकेत हे राज्यनिहाय आहे, न्यू जर्सीला डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंट, नेवाडाला गेमिंग कंट्रोल बोर्ड, आणि एका राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्यात बसलेल्याला उपयोगाचं नाही.

सगळी लायसन्सं सारखी नसतात हेही समजून घ्या. विचारायचा प्रश्न एकच: माझी तक्रार रूमने फेटाळली तर हा रेग्युलेटर माझ्याकडून ऐकून घेतो का, आणि कसं? यूकेमध्ये रूमला स्वतंत्र लवाद द्यावाच लागतो आणि त्याचं नाव अटींमध्ये लिहिलेलं असतं. न्यू जर्सीत रेग्युलेटरकडे थेट तक्रार करता येते. जिथे या प्रश्नाला धड उत्तर सापडत नाही तिथलं लायसन्स म्हणजे भिंतीवरची फ्रेम.

४. पैसे: जास्त टाकायच्या आधी काढून बघा

फुल टिल्ट पोकर ही तेव्हाची मोठी रूम आठवत असेल. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेने मोठ्या रूमवर कारवाई केली आणि तेव्हा उघड झालं की खेळाडूंच्या खात्यात जे ३० कोटी डॉलरच्या वर दिसत होते तेवढे कंपनीकडे नव्हतेच. पत्ते वाटण्यात काही गडबड होती म्हणून नाही, तर खेळाडूंचे पैसे आणि कंपनीचे पैसे एकाच गल्ल्यात होते म्हणून. पुढे २०१२ मध्ये पोकरस्टार्सने अमेरिकी सरकारशी ७३.१ कोटी डॉलरचा समझोता करून फुल टिल्ट घेतली म्हणून लोकांना पैसे मिळाले, नाहीतर सगळं पाण्यात होतं.

म्हणून अटींमध्ये "खेळाडूंचा निधी" हा भाग शोधून वाचा. यूकेमध्ये कंपनीला सांगावंच लागतं की ती बुडाली तर तुमच्या पैशांचं संरक्षण कुठल्या पातळीचं: संरक्षण नाही, मध्यम, की उच्च. हे एका ओळीत असतं आणि बहुतेक कोणी वाचत नाही.

मग प्रत्यक्ष चाचणी, या क्रमाने:

पहिलं, केवायसी लगेच पूर्ण करा, जिंकायची वाट बघू नका. पैसे टाकताना कागद मागायचे नाहीत आणि काढताना मात्र लाइट बिल, पासपोर्ट, सेल्फी, पुन्हा लाइट बिल असं चक्र लावायचं ही जुनी युक्ती आहे.

दुसरं, कमीत कमी रक्कम टाका आणि बोनस घेऊ नका. बोनस घेतला की त्याला अटी चिकटतात, अमुक इतका रेक भरल्याशिवाय बोनस सुटत नाही, काही ठिकाणी तर तोपर्यंत मूळ पैसेही अडकतात, आणि मग पैसे का येत नाहीत हे तुम्हालाच कळत नाही, फसवणूक आहे की अट.

तिसरं, थोडं खेळून काही रक्कम काढायला टाका. वहीत तारीख आणि वेळ. ज्या मार्गाने टाकले त्याच मार्गाने परत यायला हवेत.

इथे थांबून बघा: पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झाले का? "अप्रूव्ह्ड" असं दिसणं म्हणजे जमा होणं नव्हे. विथड्रॉवल पेंडिंग असताना ते रद्द करून परत खेळायचं बटण समोर नाचत असेल तर हात लावू नका. आणि "आधी टॅक्सचे पैसे भरा मग विथड्रॉवल सोडतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, ती रूम नाही, सापळा आहे.

रेकबद्दल इथेच सांगून टाकतो कारण तो पैशांचा भाग आहे. ट्रॅकरमध्ये तुम्ही एकूण किती रेक भरला हे दिसतं, ते एकदा उघडून बघा. अगदी छोट्या स्टेक्सवर (म्हणजे छोट्या रकमांच्या टेबलावर) पॉटमागे ५ टक्के जाताना, बऱ्याच जणांचं "साइट मला हरवतेय" याचं उत्तर त्या एका आकड्यात असतं. रेक सोडून जिंकत असतात आणि रेक धरून हरत असतात. यात फसवणूक नाही, तो लिहिलेला दर आहे, फक्त तो परवडतो का हे कोणी बघितलेलं नसतं.

५. टेबलावरची माणसं

घरी तीन पत्ती खेळताना दोघं एकमेकांना डोळ्याने खुणावताहेत का हे तिसऱ्याला दिसतं, ऑनलाइन ते फोनवर बोलत बसलेले असतात आणि तुम्हाला फक्त दोन टोपणनावं दिसतात. मिळून खेळण्याचे प्रकार ठराविक आहेत. दोघं एकमेकांना आपली पानं सांगतात, त्यामुळे कुठली पानं गेली ते त्यांना कळतं. एकमेकांविरुद्ध चांगली पानं असूनही मोठं लावत नाहीत. किंवा तिसऱ्याला मधे धरून एक रेझ करतो, दुसरा त्यावर रेझ, पहिला परत, आणि तिसरा पळाला की दोघंही शांत. टूर्नामेंटमध्ये एकाच्या चिप्स मुद्दाम दुसऱ्याला देणं हा आणखी एक.

तपासताना एका हातावरून ठरवू नका. विचित्र खेळ म्हणजे मिळालेला खेळ नाही, वाईट खेळाडू विचित्रच खेळतात. ट्रॅकरमध्ये दोन्ही नावं ज्या हातांत एकत्र आहेत ते वेगळे काढा आणि तीन गोष्टी बघा. हे दोघं नेहमी एकत्रच बसतात का, एक उठला की दुसरा काही मिनिटांत उठतो का? तिसरा माणूस पॉटमध्ये असताना आणि नसताना यांचं एकमेकांशी वागणं बदलतं का? दोघांत ऑल-इन झाले असतील तर ते कोणाला बाहेर काढून झाले? तिसरा गेला की आग विझते, हा पॅटर्न पुन्हा पुन्हा दिसला तर मग दखल घ्यायची.

बॉट ओळखणं वेगळं. "लगेच फोल्ड करतो म्हणजे बॉट" हे चूक आहे, आठ टेबलं लावून बसलेला माणूसही तसंच करतो. बघायचं ते असं की सोप्या निर्णयाला आणि अवघड निर्णयाला वेळ सारखाच लागतो का, तासन् तास न थांबता चालू आहे का, आणि सगळ्यात भारी म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या नावांचे आकडे, किती टक्के हात खेळतो, किती टक्के रेझ करतो, हे दशांशापर्यंत जुळताहेत का. दोन माणसं इतकी सारखी खेळत नाहीत. २०१५ मध्ये पोकरस्टार्सवरच्या ओमाहा (पोकरचा चार पानांचा प्रकार) टेबलांवरचे संशयित बॉट खेळाडूंनीच असे आकडे जुळवून दाखवले होते.

आणि आता तिसरी जात, माणूसच बसलेला आहे पण बाजूच्या स्क्रीनवर सॉल्व्हर, म्हणजे सगळ्यात बरोबर चाल काढणारा प्रोग्राम, त्याला सांगतोय काय करायचं. २०१९ मध्येच प्लुरिबस नावाच्या प्रोग्रामने सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर नावाजलेल्या प्रोफेशनल्सना हरवून दाखवलं, तेव्हा मशीन माणसापेक्षा चांगलं खेळतं यात वादच उरला नाही. ही मदत बाहेरून पकडणं तुम्हाआम्हाला जवळजवळ अशक्य आहे, ते रूमचं काम, तुमच्या हातात फक्त टेबल निवडणं. मोठ्या स्टेक्सच्या आणि दोघांच्याच टेबलावर हा धोका जास्त. प्रत्येक हाताला नवीन टेबलावर टाकणारा जो फास्ट-फोल्ड प्रकार असतो त्यात मिळून खेळणाऱ्यांना एकत्र बसणं फारसं जमत नाही, पण बॉटला त्याने काही फरक पडत नाही, हे लक्षात ठेवा.

इथे थांबून बघा: रूमने पकडलेल्या बॉटची, बंद केलेल्या खात्यांची, परत दिलेल्या पैशांची माहिती कधी जाहीर केलीये का? "आमच्याकडे बॉट नाहीतच" म्हणणाऱ्यापेक्षा "एवढे पकडले" म्हणणारा बरा.

६. कोणाला तुमची पानं दिसताहेत का

हा प्रकार लोकांना दंतकथा वाटतो, पण तो घडलाय. २००७ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकरवर "पॉटरिपर" नावाचं खातं हजार डॉलरची टूर्नामेंट जिंकलं, आणि शेवटच्या हाताला त्याने नुसत्या दहाच्या जोरावर ऑल-इन कॉल केला, समोरच्याकडे त्याहूनही कमी होतं. हरलेल्याने हँड हिस्टरी मागितली, आणि कंपनीकडून त्याला चुकून अशी एक्सेल फाइल गेली ज्यात टूर्नामेंटमधल्या सगळ्यांची झाकलेली पानं आणि आयपी पत्तेही होते. खेळाडूंनी ती बसून वाचली आणि दिसलं की एक प्रेक्षक खातं पॉटरिपरच्याच टेबलाला चिकटलेलं. पाठोपाठ भगिनी कंपनी अल्टिमेटबेटचं उघडकीला आलं, तिथे हे काही वर्षं चालू होतं, २ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास परत द्यावे लागले, आणि त्यांना लायसन्स देणाऱ्या काहनावाके गेमिंग कमिशनने २००८ मध्ये मुख्य जबाबदार म्हणून नाव घेतलं रस हॅमिल्टनचं, जो पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा १९९४ चा विजेता. दोन्ही साइटना लायसन्स होतं हे विसरू नका.

जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. डिसेंबर २०२३ मध्ये जीजीपोकरने जाहीर केलं की एका खात्याने त्यांच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी वापरून आपण जिंकायची शक्यता किती हे हात चालू असतानाच काढून घेतलं होतं. तिथेही आधी बोंब मारली ती खेळाडूंनी, त्या खात्याचे आकडे बघून.

तुम्ही काय बघायचं? जिंकणं बघू नका, हरणं बघा. सगळी पानं दिसणारा माणूस भरपूर हात खेळतो, म्हणजे कचरा पानांवरही येतो, आणि तरी रिव्हरला चुकीचा मोठा कॉल कधीच करत नाही. जो माणूस ५०-६० टक्के हात खेळतो तो हजारो हातांत पैसे घालवतोच. तो घालवत नसेल, त्याचे ब्लफ नेहमी बरोब्बर दुबळ्या पानांवर पडत असतील आणि तगड्या पानांसमोर तो दर वेळी सुटत असेल, तर हात गोळा करायला लागा.

सावध: "प्रूव्हेबली फेअर" असं लिहिलेल्या साइटवर डाव सुरू व्हायच्या आधी पिसलेल्या पत्त्यांचा हॅश (त्या क्रमावरून काढलेला, पत्ते न दाखवणारा सांकेतिक आकडा) देतात आणि नंतर पडताळून बघता येतं की मधे पत्ते बदलले नाहीत. हे चांगलं आहे पण याने एवढंच सिद्ध होतं. सर्व्हरला पत्ते माहीत असतातच, ते तिथून कोणी बघतंय का याबद्दल हॅश गप्प असतो.

७. आणि आता पत्ते

पत्ते पिसण्यात चूक होऊ शकत नाही असं नाही. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर वगैरे साइट एएसएफ कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायच्या आणि कंपनीने विश्वास बसावा म्हणून पिसायची पद्धत स्वतःच छापली होती. काही संशोधकांनी ती वाचली. ५२ पानांचे क्रम ६८ आकडी संख्येइतके होतात, पण हा प्रोग्राम सुरुवातीचा आकडा घ्यायचा घड्याळातून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो, म्हणजे शक्यता उरल्या फक्त ८ कोटी ६४ लाख. आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवलं की त्या दोन लाखांवर यायच्या. मग स्वतःची दोन पानं आणि फ्लॉपची तीन टाकली की बाकी सगळा पत्त्यांचा गठ्ठा कळायचा. ते दुरुस्त झालं, आणि आता जीएलआय, आयटेक लॅब्स, इकोग्रा अशा लॅब तपासणी करून सर्टिफिकेट देतात.

सर्टिफिकेट वाचताना: त्यावर क्लिक केल्यावर लॅबच्या साइटवर उघडतं का, कंपनीचं नाव तेच आहे का जे रजिस्टरमध्ये होतं, तारीख किती जुनी, आणि नेमकं काय तपासलं. लिहिलेलं असतं ते आरएनजी आणि पिसण्याबद्दल, बॉट आणि आतल्या माणसांबद्दल नव्हे.

आता तुमची स्वतःची मोजणी. वहीत आधी लिहून ठेवा: १०,००० हात झाल्यावर मोजणार, आजपासून पुढचे. मागचे नाहीत. वाईट हात बघून शंका आली आणि तोच हात मोजणीत धरला तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

काय यायला हवं ते असं. कुठलीही जोडी १७ हातांत एकदा, म्हणजे १०,००० मध्ये ५८८ च्या आसपास. ५४० ते ६३५ मध्ये असेल तर काही नाही. एक्क्यांची जोडी २२१ मध्ये एकदा, म्हणजे साधारण ४५; ३२ आली तरी किंवा ५८ आली तरी नॉर्मल. दोन्ही पानं एकाच रंगाची, म्हणजे दोन्ही बदाम किंवा दोन्ही इस्पिक, २,३५३ च्या आसपास. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरं पान लागणं, ११.८ टक्के, हे मोजताना फक्त फ्लॉप पाहिलेले हात धरा, आधीच फोल्ड केलेले नाही. यातला एखादा आकडा थोडा बाहेर गेला तर घाबरू नका, चार गोष्टी मोजल्या की एखादी बाहेर जाऊ शकते. पुढच्या १०,००० मध्ये तोच आकडा त्याच बाजूला परत गेला तर बोला.

ऑल-इनसाठी ट्रॅकरमधली दुसरी रेघ बघा, प्रत्यक्ष किती जिंकले आणि शक्यतेप्रमाणे किती जिंकायला हवे होते अशा दोन रेघा असतात. एक्के विरुद्ध बादशहा फ्लॉपच्या आधी ऑल-इन झालं तर एक्के ८२ टक्के जिंकतात. म्हणजे साडेपाचात एकदा फुटणारच, आणि सलग दोनदा फुटणं हेही साधारण ३१ वेळांत एकदा होतं. कॅसिनोत तासाला पंचवीस-तीस हात होतात, ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुपटीहून जास्त, चार टेबलं लावली तर बघायलाच नको, त्यामुळे जे फुटणं तिकडे महिन्यात दिसायचं ते इथे एका रात्रीत दिसतं.

नेहमीची चूक: जिंकण्या-हरण्याच्या आकड्यावरून पत्त्यांचा निकाल लावणं. नो-लिमिटमध्ये (जिथे एका वेळी कितीही लावता येतं) १०० हातांमागे चढउतार साधारण १०० बिग ब्लाइंडचा असतो; बिग ब्लाइंड म्हणजे हात सुरू होताना सक्तीने लावायची मोठी रक्कम. याचा अर्थ जो खरोखर १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकणारा खेळाडू आहे तो १०,००० हातांनंतर १०० हातांमागे उणे १५ ते अधिक २५ यात कुठेही दिसू शकतो. एक लाख हात झाले तरी उणे एक ते अधिक अकरा. चांगलं खेळून हरणं यात सहज बसतं, वाईट खेळून जिंकणंही.

"रूमला मोठे पॉट हवेत म्हणून मुद्दाम तसे फ्लॉप टाकतात" हे जे म्हणतात त्यावर एवढंच बघा की रेकला कमाल मर्यादा आहे का. असेल तर मर्यादेपलीकडे पॉट कितीही फुगला तरी रूमला एक पैसा जास्त मिळत नाही आणि लायसन्स मात्र पणाला लागतं. पण हा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा रूम स्वतः खेळत नाही. लायसन्स नसलेल्या ठिकाणी रूमचीच खाती टेबलावर बसलेली असतील तर तिला रेक नाही, तुमचा पूर्ण स्टॅक (टेबलावरच्या सगळ्या चिप्स) हवा असतो, आणि मग वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो. म्हणूनच पत्ते सातव्या पायरीवर ठेवलेत आणि लायसन्स तिसऱ्या.

८. तक्रार करायची तर

रागात लिहिलेला मेल कोणी वाचत नाही. "तुमची साइट फ्रॉड आहे" याला छापील उत्तर येतं. असं लिहा: अमुक टेबल, १४ तारीख, यूटीसीप्रमाणे १५.३० ते १७.३०, ही दोन नावं, सोबत २३ हातांचे नंबर, यातल्या ११ हातांत दोघांनी रेझवर रेझ करून तिसऱ्याला बाहेर काढलं आणि तो गेल्यावर पुढच्या पानावर दोघांनीही चेक केलं. बास. तुमचा निष्कर्ष एका ओळीत, हात जास्तीत जास्त.

आधी पैसे काढून घ्या, मग तक्रार पाठवा. तक्रार केली म्हणून खातं बंद करतात असं मी म्हणत नाही, पण चौकशीत खाती गोठतात आणि त्यात तक्रार करणाऱ्याचंही गोठू शकतं. केस नंबर मिळाला का बघा, नसेल तर मागून घ्या. रूमचं शेवटचं उत्तर लेखी आलं की लवाद किंवा रेग्युलेटर, त्यांना सगळे मेल जसेच्या तसे द्या, आपल्या शब्दांत गोष्ट सांगू नका.

आणि उत्तर येईपर्यंत टेबलावरच्या चॅटमध्ये त्या दोन नावांना एक शब्दही बोलू नका. शिव्या घातल्या की ते त्याच मिनिटाला टेबल सोडतात, दुसऱ्या नावाने बसतात, आणि तुम्ही गोळा केलेले हात ज्या खात्यांचे आहेत ती खाती रिकामी झालेली असतात.